सासऱ्याचं नाव

१४ जानेवारी २००६

माझ्या शेतात दुसऱ्याचा मका! गुडघ्याएवढा वाढलाय. आई आजारी म्हणून दोन महिने माहेरी काय गेले, इकडे धाकट्या दिरानं, म्फानिसेनीनं, नांगर फिरवला. विचारलं तर दात काढून म्हणतो, "वहिनी, तू पळून गेलीस ना परपुरुषाबरोबर? मुखियाकडे तशी नोंद आहे. शेत मोकळं झालं, मला मिळालं."

परपुरुष! भेकानी खाणीत दरडीखाली गेला त्याला दीड वर्ष झालं. वर्षभर नवऱ्यासाठी काळे कपडे घातले मी. ते कुणाला दिसले नाहीत.

१५ जानेवारी

मुखिया एवढंच म्हणाला, "तुमच्याच घरातून सांगितलंय." 

घरातून म्हणजे म्हाताऱ्यानंच. आमच्या घरचं बाहेर दुसरं कोण बोलतं? धाकट्या दिराशी घर करायला मी नाही म्हटलं, तेव्हापासून सासऱ्याच्या मनात अढी आहे.

ठीक. सूड मलाही उगवता येतो.

२१ जानेवारी

पंचायतीत अर्ज दिला. पूर्वी बाईच्या वतीनं दीर नाहीतर भाऊ बोलायचा. आता बाई स्वतः उभी राहू शकते.

आणि उभी राहून मी काय करणार, ते ठरलंय. एकोणीस वर्षं म्हाताऱ्याचं नाव माझ्या जिभेवर आलेलं नाही. त्या नावात आमच्या भाषेतला पाण्याचा शब्द येतो, म्हणून पाण्यालाही मी दुसराच शब्द वापरते. आम्हा झुलू सुनांचं असंच. सगळ्या गावासमोर, त्याच्या तोंडावर नाव घेणार!

२ फेब्रुवारी

ओढ्यावर सराव केला. मांझेझुलू. पहिल्यांदा मागे वळून पाहिलं — कुणी नव्हतं. दहाव्यांदा थुंकल्यासारखं आलं. छान!

९ फेब्रुवारी

सासूबाई आल्या होत्या. माझ्या माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारून म्हणाल्या, "माझुंगू, अर्ज मागे घे. घरचं घरात मिटवू. म्हातारा खचेल गं."

"शेत घेताना घर आठवलं नाही, आई?"

चहा न पिताच गेल्या.  जाऊ देत!

१५ फेब्रुवारी

नाव घेतलं! एकदा नाही, तीनदा.

पंचायतीत बसलेल्या सरदारानं विचारलं, "तुझी तक्रार कुणाविरुद्ध?" सगळ्यांना वाटलं, मी 'सासरे' म्हणेन. मी म्हटलं, "मांझेझुलू." म्हातारे एकदम ओरडले. कुणीतरी म्हणालं, "लाज सोडली हिनं!" बायकांनी शालीनं तोंडं झाकली. म्हणून आणखी दोनदा म्हटलं, सावकाश.

म्हातारा उठला. टोपी हातात. माझ्याकडे पाहिलंच नाही. "मीच सांगितलं होतं. तिचं शेत तिला द्या."

बस्स. एक बकरी दंड. वर सुनेची माफी मागायची, सगळ्यांसमोर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मागितली. सासूबाई चटईवर खाली मान घालून बसल्या होत्या.

घरी येताना वाटभर हसत होते मी.

१६ फेब्रुवारी

अजून हसू येतं.

२३ फेब्रुवारी

सासरेबाबा त्या दिवसापासून गोठ्यापाशीच बसून असतात. 

आज कारकुनानं शेताच्या कागदाबरोबर मुखियाकडच्या जुन्या नोंदीची नक्कल दिली. 'थोरली सून परपुरुषाबरोबर पळून गेली.' खाली अंगठा. अंगठ्याशेजारी नाव लिहिलंय — सासूबाईंचं.