दादासाठी सपाट सीट

बुधवार, संध्याकाळ

लाल मोटारसायकल आज दिली. सकाळी मोताळ्याला जुन्या गाड्यांच्या दुकानात तिच्या बदल्यात साधी काळी गाडी घेतली, सपाट सीटची. दादाला दर आठवड्याला बुलडाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं. लाल गाडीची मागची सीट इतकी उंच, की नजर गेल्यापासून तो चढताना दोनदा पडला. घरात मी सीटचंच कारण सांगितलं. पण तेवढंच आहे का?

बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली होती, म्हणून दादाची नजर गेली त्या दिवशी फवारायचं होतं. पाळी माझी होती. मी न सांगता लाल गाडी घेऊन राजूर घाटात पळवायला गेलो. दादानं एकट्यानं फवारलं, वारा फिरला आणि औषध त्याच्या डोळ्यांत गेलं.

आज दवाखान्यातून परत येताना त्याच घाटात मी गाडी थांबवली.

"दादा, त्या दिवशी पाळी माही होती. मी इथं गाडी पळवून राह्यलो होतो."

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "डोळ्यात आग होऊन राह्यली होती, तवाच शेताजवळून तुह्या गाडीचा आवाज गेला. लय हाका मारल्या तुले."

मला एकही ऐकू आली नव्हती. त्या गाडीच्या आवाजात कशी येणार? हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

मी गाडी सुरू केली. एरवी तो माझा खांदा धरतो. आज घरापर्यंत त्यानं सीटमागची दांडी धरली.