डाव्या कडेची पाचवी

मी, खाली सही करणारी, वय शेहेचाळीस, व्यवसाय कपडे दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. मला कोणताही आजार नाही. दुकान आम्हा नवराबायकोच्या नावावर करताना वकीलबाई म्हणाल्या, "तेही उरकून टाका," म्हणून बसले आहे. याआधी असं काही लिहिलेलं नाही. कुठे सापडलंच, तर ती वाणसामानाची यादी समजावी.

१. दुकानातला माझा अर्धा हिस्सा पतींना. दुसऱ्या अर्ध्यात त्यांचं फोटो फ्रेमचं काम आहेच. शिलाई मशीन मात्र त्यांनी चालवू नये. ते माझ्याकडे शिकून गेलेल्या दोघींपैकी धाकटीला द्यावं, तिचा हात हलका आहे. कात्र्या थोरलीला.

२. बचतीचा अर्धा भाग पतींना. उरलेला कलम ४ मधल्या छायाचित्रकार बाईंची वेबसाइट चालू राहावी म्हणून द्यावा.

३. माझा फोन पुसून विकू नये. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी त्यावर छायाचित्रकारांची पानं बघत आले. ती खूण करून ठेवली आहेत. कुणी वर्षभर एकाच बस आगारात जाऊन झाडणाऱ्यांचे फोटो काढले, कुणी वृद्धाश्रमातल्या जेवणाच्या टेबलाचे. "इकडे बघा, हसा" असं कुणी न सांगितलेली माणसं मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. धंद्याच्या सवयीनं माझी नजर आधी शिवणीवर जाते, मग चेहऱ्यावर. ज्याच्याकडे फोन जाईल त्यानं फोटोखालची ओळ वाचावी आणि आवडल्यास काढणाऱ्याला दोन शब्द कळवावेत. मी कळवते. बहुतेकांची उत्तरं येतात, तीही चकित झाल्यासारखी.

४. भिंतीवरची चौकट थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिचा एकही फोटो घरात नव्हता. एका वयस्क छायाचित्रकार बाईंनी आपलं जुनं काम वेबसाइटवर टाकलं, त्यात ते धुलाईघर निघालं. चादरी पिळणाऱ्या चौघी, आणि अगदी डाव्या कडेला पाठमोरी पाचवी. तिच्या स्वेटरच्या कोपराला जाड दोऱ्याचं, तिरकं ठिगळ. ते मी लावलेलं, आयुष्यातलं पहिलं. बाईंना लिहिलं. त्यांनी मोठी प्रत पाठवली आणि कळवलं, "कडेच्या बाईंबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं."

पतींनी हौसेनं चौकट केली. फोटोच्या चारी बाजूंना दोन बोटं पुठ्ठ्याची पट्टी, ही त्यांची कायमची शिस्त. ताईला बोलावलं, तर आई पट्टीखाली गेलेली.

"चार परक्या बायका दाखवायला मला दोन बस बदलायला लावल्यास?" ताई म्हणाली. फोन पुढे केला तर, "फोनात काय, हवं ते दिसतं." आणि रुसून गेली.

"पट्टीशिवाय फोटो उघडा पडतो गं," म्हणत पतींनी डावी बाजू मोकळी केली. धंद्यात प्रथमच. पण ताई पुन्हा फिरकली नाही. ती आई मला एकटीला नको आहे, म्हणून हे कलम.

५. आईची लोकरी शाल ताईनं न विचारता नेली, ही तक्रार मी मागे घेते. शालीवरचा हक्क सोडलेला नाही.

६. (आज जोडलेलं.) साक्षीसाठी ताईला बोलावलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही.

"मला काय मिळतंय?" ताईनं विचारलं.

पतींनी भिंतीकडे बोट दाखवलं. ती चष्मा चढवून जवळ गेली. मग काचेवर, त्या कोपरावर, बोट टेकवलं.

"किती वाकडं लावलंयस."

"दहा वर्षांची होते."

"मला सांगतेस? सुई कोण ओवून देत होतं तुला?"

बोटाचा ठसा पुसायला पतींनी सवयीनं फडकं उचललं. मी त्यांचा हात धरला.

सबब कलम ४ मधली वस्तू आजच देऊन झाली. माझ्या मरणासाठी थांबायचं कारण उरलं नाही. ताई चौकट छातीशी धरून बसमध्ये चढली. शाल पुढच्या खेपेला आणते म्हणाली. बघू.

सही: ताईची धाकटी

साक्षीदार:
१. शेजारच्या दुकानातली चष्मेवाली (ताईचा नंबर वाढला आहे, असं तिचं मत)
२. वकीलबाईंचे कारकून

ठिकाण: दुकानाची मागची खोली
तारीख: ९ मार्च, शनिवार