धाकट्याच्या पायऱ्यांपेक्षा सखल पायऱ्या

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी, इस्लामपूर, जिल्हा सातारा.

विषय : दाराशी ठेंगण्या पायऱ्या बांधण्यास सिमेंटचा परवाना मिळणेबाबत.
संदर्भ : धाकटा भाऊ अर्जुना यास पलटणीतून आला म्हणून मिळालेला परवाना.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, आम्हां भावांची घरे एका भिंतीला लागून आहेत. पुराच्या भीतीने वडिलांनी जोते पुरुषभर उंच बांधले. लढाईवरून परतल्यावर अर्जुनाने घर दुरुस्तीस काढले, ते म्हातारपण नजरेसमोर ठेवून. ठेंगण्या रुंद पायऱ्या, धरायला दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्या, निजायच्या खोलीला लागून न्हाणी. पस्तिशीचा गडी आत्तापासून म्हातारा होतोय, म्हणून मी गावभर हसलो.

पायऱ्या पुऱ्या होताच आमच्या मातोश्री रंगूबाई लुगडी आणि अडकित्ता घेऊन तिकडे राहायला गेल्या. अर्जुना परमुलखात असताना त्यांना मी सांभाळले, हे साहेबांनी ध्यानात घ्यावे. माझ्या दगडी पायऱ्या त्यांना चढवत नाहीत हे खरे. पण त्या तिकडे हसतात ते भिंतीतून ऐकू येते आणि माझ्या तोंडचा घास कडू होतो.

त्यानंतर माझे कुटुंब साळूबाई हीही दुपारची तिथेच जाऊन बसू लागली. पोस्टमन तिथे टेकून माझे नाव पुकारतो. आता मांजरही तिकडेच आहे. मी जळतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सबब मला अर्जुनापेक्षा दोन पोती जास्त सिमेंट आणि वीतभर लांब नळ्या मंजूर व्हाव्यात. माल शिल्लक नसल्यास त्याच्या पायऱ्या उंच करण्याचा हुकूम व्हावा.

पायऱ्या आईसाठी हव्यात आणि ती माझ्याकडे राहणार, असे लिहून द्यायचे तर त्यावर तिचा अंगठा लागेल, असे कारकुनांनी सांगितले. म्हणून काल मी प्रथमच त्या पायऱ्या चढलो. आई म्हणाली, "आलास व्हय रं आकाराम? तुझ्या घराकडची नळी तुझ्यासाठीच लावलीया त्यानं. म्हनत हुता, दादाचं बी गुडघं जातील कवातरी."

अंगठा घ्यायचे राहून गेले. अर्ज मात्र कायम आहे. चढताना मी तीच नळी धरली होती, एवढे दप्तरी नोंदवू नये.

आपल्या हुकुमाकडे डोळे लावून बसलेला,
आकाराम सयाजी थोरवत
मौजे कुरणवाडी, ता. ११ फेब्रुवारी १९४६

सोबत : अर्जुनाच्या पायऱ्यांच्या मापाची सुतळी. माप घेताना दुसरे टोक त्यानेच धरले होते.