भरलेली बंदूक

सोमवार, १५ सप्टेंबर
अप्पांची बं. आजपासून कायद्यानं त्यांच्या लेकीची, माझी. (पूर्ण शब्द लिहायला अजून हात धजत नाही.) अप्पा गेल्यापासून तीन वर्षं लायसनचं घोंगडं भिजत पडलं होतं. जोयड्याच्या कचेरीत आज शेवटचा हेलपाटा. साहेबानं कागद बघितला, मग मला बघितलं, परत कागद बघितला. कन्नडमध्ये विचारलं, टीचर, तुम्हाला चालवता येते? म्हटलं, अंगणवाडीत चाळीस पोरं चालवते.
बाहेर येऊन जीपमध्ये बसल्यावर कागदावरचं माझं नाव दोनदा वाचलं.

शुक्रवार, १९
बातमी आमच्या आधी गावात पोचली. पालखीचं बघणारे गावकरकाका सकाळीच दारात. "पोरी, दसऱ्याचा पहिला बार तुमच्या दारातनं. सुतक झालं, लायसन झालं, आता कारण न्हाई. न्हाईतर मान वरच्या वाडीला जातोय बघ." चहा घेतला नाही. म्हणजे रागावलेत, किंवा घाईत.
ह्यांचं दुसरंच. घोडा काढून टाकायचा, तेल-पाणी करून आमच्या होमस्टेच्या भिंतीवर टांगायची. "पणज्याच्या काळची नळी, तिला दारू दाखवशील तर तुझ्याच तोंडावर फुटेल. आणि तो पितळी वेल बघ, असलं काम आता कोण करतंय? पुण्याची माणसं खुळी होतील फोटो काढून."
दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. नळी फुटण्याची भीती मलाही वाटते. पण अप्पा बार काढायच्या आधी "कान धरा रे!" म्हणून ओरडायचे आणि आख्खी वाडी कान धरून उभी राहायची. ते एकदा तरी माझ्या तोंडून

(पुढं लिहायचं राहिलं. गवे भातात शिरले होते. डबे बडवून हाकलले.)

सोमवार, २२. घट बसले.
आई अजून मावशीकडं रामनगरला, मोतीबिंदू काढून पडलीय. तिच्यामागं देवघराचा कोपरा झाडताना बं. उचलली. आता तपासून तरी बघू, म्हणून अप्पांसारखा गज नळीत सोडला. रिकामी असली तर गज खाचेपर्यंत बुडतो. नाही बुडाला. वीतभर वर राहिला!
म्हणजे आत ठासलेलं आहे. अप्पा घरात भरलेली ठेवणारे नव्हेत. मग कुणी? आणि स्टेशनात दाखवून आणली तेव्हा कुणीच नळीत बघितलं नाही?
घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवलेली नाही, म्हणजे उडणार नाही, हे ह्यांना मीच समजावलं. आणि पोरांना मीच शेजारी पाठवलं.

मंगळवार, २३
चढावर जाऊन रेंज धरली. आईला विचारलं, बं. भरलेली आहे का? "व्हय, भरल्याली हाय. मीच भरली. तू हात लावू न..." कट. परत लावला तर कन्नड बाई बोलायला लागली.
आई? जिला कुकरच्या शिट्टीनं दचकायला होतं, ती दारू ठासते?
हे म्हणाले, "तुमच्या घराण्यात बायकाच डेंजर." मला हसू आलं नाही. बं. गोणपाटात गुंडाळून मागच्या पडवीत, तोंड डोंगराकडं करून ठेवलीय. तशीच बार काढायला वर आणखी दारू घातली असती तर?
काकांना निरोप: अजून ठरलं नाही.

शनिवार, २७
आई आली. काळा चष्मा, हातात मावशीनं दिलेली पिशवी. उंबऱ्यातच विचारलं, आई, किती दारू भरलीस?
"कसली दारू?"
"नळीत गं! भरली म्हणालीस ना?"
"अगं, ओटी भरली मी तिची. दर नवमीला."
हे तिथंच पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मीही. पाच दिवसांचा जीव मुठीतनं सुटला. नळीत कोमट पाणी ओतलं, गजाच्या टोकाच्या फिरकीनं ओढून ओढून काढलं: तांदळाचा काळा लगदा, हळकुंडाचे तुकडे, झेंडूची चिपाडं, अर्धी सुपारी. दारूचा कण नाही.
आई बघत होती. म्हटलं, पण नळीत का गं? हिच्यापुढं ठेवायची.
"पदर कुठाय तिला?" आणि मग चष्मा पुसत, "अप्पा गेल्यावर माझ्या हातची कोन घेतंय? सवाष्णींच्यात मी जायाची न्हाई. ही घेती. ही न्हाई म्हनत न्हाई."
हसू तिथंच थांबलं. मला खूप वाईट वाटलं. मग चहा टाकला.

रविवार, २८
नळी धुतली, चुलीपाशी वाळवली, खोबरेल फिरवलं. गज खाचेपर्यंत बुडाला. टक्क असा आवाज आला तळाला. इतका बरा आवाज खूप दिवसांत ऐकला नव्हता. ह्यांनी टॉर्च मारून आत बघितलं. चीर दिसत नाही म्हणतात. म्हणजे भिंतीवर टांगायचं त्यांचं मुख्य कारण गेलं. "तरी विचार कर," एवढंच म्हणाले. काका दारू देतो म्हणाले आहेत, अप्पांच्या मापाच्या निम्मी.
आईला विचारलं, काय करू? "तुझी हाय आता," म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.
कोयते, कुऱ्हाडी, ह्यांच्या जीपचा पाना, सगळं पाटावर. मधोमध बंदूक. (लिहिला आख्खा शब्द.)
आई ताट घेऊन आली. तिचा हात नळीकडं जायच्या आत मी पाटाशेजारी बसले आणि पदर पसरला. म्हटलं, आधी माझी भर.
"माझ्या हातनं? कुनी बघितलं तर?"
"बघू दे."
ती समोर बसली. मग तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण. कुंकू लावताना तिचा अंगठा कपाळावर जरा जास्तच टेकला. बंदुकीची ओटी तिनं या वेळी दस्त्यापाशी ठेवली. "नळी मोकळी ऱ्हाऊ दे. उद्याचं तुझं तू बघ."
ओटीचे तांदूळ अजून पदरात आहेत, सोडवत नाहीत. अंगावरचं केवढं ओझं उतरलंय. दारूची पुडी काकांनी पाठवली, ती फडताळात, न सोडलेली. उद्या पालखीआधी ते दारात येऊन विचारणार, "भरली का गं?"
व्हय म्हणेन. कुणाची, ते त्यांनी विचारलं तर बघू.