रहीमभाईंचं ‘काहून’

अमरावती, कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६

आज बैठकीत मी मुद्दाम चुकीचं बोललो. म्हटलं, कापसाचा हा भाव आता कधी उतरायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. रहीमभाई असते तर त्यांनी तिथेच अडवलं असतं, "काहून मास्तर? तुमाले कोनं सांगतलं?"

पण ते गेल्या हंगामापासून अकोल्यात दलाली करतात. तिथे रुमालाखाली बोटं दाबून सौदे ठरतात, मनातलं उघड कोणी बोलत नाही. उघड बोलता यावं म्हणूनच तर आम्ही दोघांनी ही बैठक सुरू केली होती. माणसं आता पुष्कळ जमतात, पण अडवणारं कोणी...

शेवटी मीच स्वतःला मोठ्याने विचारलं, "काहून मास्तर?"

सगळे हसले. त्यांना वाटलं, मी रहीमभाईंची नक्कल करतो आहे.