जप्त केलेली गोळी आणि जागी झालेली सून

चिखलोली, मंगळवार

विहीणबाई सौ. माईंना विष्णुपंताचा नमस्कार.

आपले गुडघे आता वांगणीच्या घराचा जिना चढू देत असतील. इकडे आपली हिमानी आणि साडेतीन महिन्यांची सई मजेत आहेत (गेल्या मंगळवारी हे लिहायची माझी छाती झाली नसती).

झालं असं, आमच्यासमोर नव्या टॉवरचं काम निघालं, धूळ उडाली आणि हिमानीला शिंका सुरू झाल्या. अशा की सई दचकून उठे. शिवाय अंगभर गांधी. आमच्या पुष्करनं बायकोसाठी मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या, त्या मी जप्त केल्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला गोळी अजिबात चालत नाही, असं ठणकावलं (आधार इतकाच, की कारखान्यात तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो). मग आमसुलाचं पाणी, काढा, ओव्याची धुरी. धुरीनं शिंका दुप्पट. सहा दिवस पोरीला झोप नाही. सातव्या दिवशी सईला पाजताना हिमानीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते शिंकांचं नाही हे मलासुद्धा कळलं. म्हणाली, "बाबा, मी डॉक्टरकडे चाललेय. यायचं तर या."

गेलो. मलाही शिंका येत होत्या, म्हणून निघताना जप्तीतली एक गोळी गिळली. अंबरनाथच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत मी शेजारच्या गृहस्थाच्या खांद्यावर घोरत होतो. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट पाहिलं. "ही पेंग आणणारी आहे, बाळही सुस्त होऊ शकतं. यातल्या नाक मोकळं करणाऱ्या औषधानं दूधही कमी होऊ शकतं. पण पेंग न आणणाऱ्या अॅलर्जीच्या गोळ्या पाजणाऱ्या आईला सहसा चालतात, मी लिहून देते. बाळ पेंगलं किंवा नीट प्यायलं नाही तर कळवा. आणि पुन्हा दिवस गेले, तर तेव्हाही आधी विचारा. मनानं घेऊ नका, सोसतही बसू नका." मग मला हलवून म्हणाल्या, "पेंग म्हणजे काय, ते आजोबांनी दाखवलंच आहे!"

दोन दिवसांत गांधी गेल्या. हिमानी दुपारी सलग तीन तास झोपली आणि उठून पाच घावनं खाल्ली. मी मोजली नाहीत, वाढली.

आपला,
विष्णुपंत

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. "गोळी नको असं माईंनीच फोनवर सांगितलंय," अशी थाप मी तेव्हा घरात मारली होती. हिमानी रविवारी तुमच्याकडे येतेय. विचारलंच तर कृपया 'हो' म्हणावं.

ता. क. दुसरा : पाकिटावर पत्ता घालायला पत्र हिमानीकडे दिलं, तिनं ते वाचलं. इतकी हसली, इतकी हसली, की तिच्याकडे बघून सईही खळखळून हसली, जन्मल्यापासून पहिल्यांदा! माई, आता खुशाल 'नाही' म्हणा.