मोती की मलई

३ मार्च
लेक बाळंत झाली. आज बायको तिच्याकडे गेली. वीसला बाळासकट तिला घेऊन येणार, महिनाभर इथेच. तोवर मागची खोली रंगवून घ्यायची आणि रंग ठरवायचा मी! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. पेंटरने दोन पट्टे मारून दाखवले. डावा मोती, उजवा मलई. उद्या दहाला निकाल.

४ मार्च, सकाळी १०
मोती. पक्का.

११.३०
ऊन आलं. मोती फारच गार वाटतो. बाळाला सर्दी व्हायची. मलई उबदार. पेंटरला परत पाठवलं.

७ मार्च
ट्यूबलाइटखाली मलई आजारी दिसते. आता शास्त्रशुद्ध पद्धत. तक्ता आखला, गुण दिले. मोती ४१, मलई ४१.

१० मार्च
पेंटर म्हणतो, काका, डोळे मिटून बोट ठेवा, दोन दिवसांत उरकतो. उरकतो म्हणे! ऑफिसात माझ्या टेबलावरून एकही फाइल घाईने पुढे गेली नाही. सगळे अजून नाव काढतात.

१३ मार्च
लेकीचा फोन. बाबा, खोली झाली का? म्हटलं, झाल्यातच जमा. मग निदान खिडकी पुसली.

१६ मार्च
ठरलं! मलई! पेंटरला फोन केला. तो दुसरं काम धरून बसलाय, बावीसनंतर येईल. लोकांना शब्दाची चाडच नाही. स्वतः रंगवणार होतो. कंबर नको म्हणाली.

२० मार्च, दुपार
आल्या. बाळाचं नाक माझं. लेक खोलीच्या दारात उभी राहिली. सामान मधोमध, वर चादर, भिंतीवर दोन पट्टे. बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी तक्ता पुढे केला.
बायको म्हणाली, अहो, दोन्ही पट्टे एकाच डब्यातले. रंग मी जायच्या आधीच ठरवला होता. तुम्हाला विचारलं नाही असं वाटू नये, म्हणून पेंटरला दोन मारायला सांगितले. तुम्ही नुसतं बोट दाखवायचं होतं.

संध्याकाळी ५
लेक बाळाला घेऊन सासरी गेली. तिथे खोली तयार होती. बाळाला मी पुरतं मांडीवरही घेतलं नव्हतं. काय करावं सुचेना, म्हणून भिंतीसमोर येऊन बसलो.
उजवा तरी जरा उबदारच आहे.